जळगाव–मुंबई ३५५ किलोमीटर, मग विमानाला सव्वा तास कशाला?

नाना, चोपड्याहून तुम्ही वहीच्या पानावर मांडून पाठवलेला हिशेब मिळाला. तुमचं म्हणणं असं की जळगाव ते मुंबई हवाई अंतर ३५५ किलोमीटर, एटीआर ह्या छोट्या पंख्याच्या विमानाचा वेग ताशी ५००, म्हणजे ४३ मिनिटं. तिकिटावर मात्र सव्वा तासाच्या वर छापलंय. मधली अर्धा-पाऊण तासाची गळती कुठली? दुसरा प्रश्न तुम्ही अगदी खाली, बारीक अक्षरात लिहिलाय, पण खरी काळजी तीच दिसते. मुलीचं फ्रँकफर्टचं विमान मुंबईहून रात्री दोनला आहे, तर जळगावहून त्याच संध्याकाळच्या विमानाने निघालं तर चालेल का?

मी भुसावळचा. अठ्ठावीस वर्षं फ्लाइट डिस्पॅचरची नोकरी केली. विमान सुटण्याआधी मार्ग, वारा, वजन आणि इंधन यांचा कागद बनवायचा आणि विमान उतरेपर्यंत त्याच्यावर डोळा ठेवायचा, असं ते काम. त्यामुळे तुमची गळती मला तोंडपाठ आहे. क्रमाने सांगतो.

आधी अंतर. ३५५ हा तुमचा आकडा बरोबर आहे, आणि तो मोबाइलशिवायही काढता येतो. जळगाव विमानतळ २०.९६ उत्तर अक्षांश आणि ७५.६३ पूर्व रेखांशावर आहे, मुंबईचा १९.०९ आणि ७२.८७ वर. अक्षांशातला फरक १.८७ अंश. एक अक्षांश म्हणजे साधारण १११ किलोमीटर, म्हणून दक्षिणेकडे २०८ किलोमीटर. रेखांशातला फरक २.७६ अंश. पण रेखावृत्तं ध्रुवाकडे जाताना जवळ जवळ येतात, त्यामुळे आपल्या पट्ट्यात एका रेखांशाचे १११ ऐवजी १०४ किलोमीटरच धरायचे. पश्चिमेकडे झाले २८७. आता काटकोन त्रिकोण: २०८ चा वर्ग अधिक २८७ चा वर्ग, त्याचं वर्गमूळ. ३५४ येतं. संगणक पृथ्वीचा गोलावा धरून ३५५ सांगतो. खान्देशातून हजारेक किलोमीटरच्या आतल्या कुठल्याही गावासाठी ही रीत चालते, फक्त १०४ च्या जागी दोन्ही गावांच्या मधल्या अक्षांशाचा आकडा घ्यायचा.

एका अक्षांशाचं अंतर मोजून सगळी पृथ्वी मोजायची, ही युक्ती आपल्याकडे फार जुनी आहे. उत्तर-दक्षिण असलेल्या दोन गावांमधलं अंतर आणि त्यांच्या अक्षांशांतला फरक घ्या, त्रैराशिक मांडा, पृथ्वीचा परीघ निघतो, असं भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात लिहून ठेवलंय. त्यांनी परीघ ४९६७ योजनं दिला. आणि त्यांचे ग्रंथ शिकवायला त्यांचा नातू चांगदेव याने मठ काढल्याची नोंद असलेला शिलालेख कुठे आहे? आपल्या चाळीसगावजवळ, पाटणला. पाटणादेवीच्या दर्शनाला आपण वर्षानुवर्षं जातो आणि ह्याची आठवणही कुणाला नसते. असो.

वरच्या काटकोन त्रिकोणाच्या रीतीने जळगाव–पुणे ३१९ किलोमीटर येतं, जळगाव–हैदराबाद ५०८, जळगाव–अहमदाबाद ३८८ आणि जळगाव ते गोव्याचं मोपा ६०९. अंतर दाखवणारी काही संकेतस्थळं शहराच्या मध्यापासून मोजतात, विमानतळापासून नाही. तिथे वीस-तीस किलोमीटरचा घोळ होतो. आणि ती जो 'उड्डाणाचा वेळ' दाखवतात तो बहुतेक वेळा जेट विमानाचा वेग धरून. जळगावच्या १७०० मीटरच्या धावपट्टीवर मोठं जेट येत नाही. २०१७ च्या डिसेंबरात एअर डेक्कनने मुंबईची सेवा सुरू केली ती १९ आसनी विमानाने, आणि पुढे ट्रूजेट, अलायन्स एअर, फ्लाय९१ ह्यांनी आणलं ते एटीआर. पंख्याचं विमान. तेव्हा 'पंचावन्न मिनिटं' असं कुठे वाचलं असेल तर ते सोडून द्या.

आता गळती.

तिकिटावरचा वेळ हा हवेतला वेळ नसतोच. आमच्या भाषेत त्याला ब्लॉक टाइम म्हणतात. विमान उभं असताना चाकांना पुढून-मागून लाकडी किंवा रबरी ठोकळे लावलेले असतात, त्यांना चॉक म्हणतात. जळगावला ते चॉक काढले त्या मिनिटापासून मुंबईला चॉक लागले त्या मिनिटापर्यंतचा सगळा वेळ त्यात आला. ट्रॅक्टरने शेत नांगरायला किती वेळ लागला हे विचारल्यावर गडी घरातून निघाल्यापासून सांगतो, तसं.

एटीआरचा एक साधा दिवस घेऊ. हे आकडे माझ्या सवयीतले आहेत, दोन-चार मिनिटं इकडे-तिकडे धरा. चॉक निघाल्यापासून चाकं जमीन सोडेपर्यंत सहा मिनिटं. छोट्या विमानतळांवर धावपट्टीला समांतर टॅक्सी-वे बहुधा नसतो, त्यामुळे विमान धावपट्टीवरूनच टोकापर्यंत रांगत जातं, तिथे गिरकी घेतं आणि मग धावतं. चढायला पंधरा मिनिटं. चढताना एटीआर ताशी ५०० ने जात नाही, सरासरी ३५० धरा. त्यात ८८ किलोमीटर झाले. मग वर सपाटीला आल्यावर तुमचे ताशी ५००. पण सपाटी आहे किती? जेमतेम दोनशे किलोमीटर, चोवीस मिनिटं. लगेच उतरण सुरू, आणि उतरताना पुन्हा वेग कमी. शेवटचे शंभरेक किलोमीटर सोळा मिनिटं घेतात. हवेतली बेरीज पंचावन्न मिनिटं. मुंबईला उतरल्यावर जागेवर पोहोचायला आठ मिनिटं. एकूण एकोणसत्तर.

ह्या बेरजेत एक गोष्ट तुमच्या लक्षात आली असेल. ८८, दोनशे आणि शंभर मिळून ३८८ होतात, ३५५ नाही. विमान सुतळी ताणल्यासारखं जात नाही. ठरलेल्या बिंदूंवरून जाणारे हवाई मार्ग असतात, शिवाय उठताना धावपट्टीच्या दिशेने उठावं लागतं आणि उतरताना धावपट्टीच्या रेषेत यावं लागतं. आणि मुंबईच्या दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी व्यवहारात एकच कामाला येते. विमानं मात्र चारी दिशांनी येत असतात. विमानांना रस्ता दाखवणारा जमिनीवरचा कंट्रोलर त्यांना माळेत ओवतो. कुणाला डावीकडे वळवतो, कुणाला वेग कमी करायला सांगतो. वळवलेलं विमान जास्त किलोमीटर कापतं. थोडक्यात, पाच-दहा टक्के अंतर वाढलं तर ते रोजचंच.

राहिली दहा मिनिटं. ती कंपनीने खिशात ठेवलेली असतात.

माझे वडील रेल्वेत गार्ड होते, भुसावळला. त्यांच्या वेळापत्रकाचं पुस्तक मी लहानपणी चाळायचो. एक गोष्ट कायम खटकायची: शेवटून दुसऱ्या स्टेशनपासून शेवटच्या स्टेशनला जायला छापलेला वेळ, उलट्या गाडीला तेवढ्याच अंतराला लागणाऱ्या वेळेच्या दीडपट-दुप्पट असायचा. मी विचारलं तर म्हणायचे, 'अरे, तो उसना वेळ आहे. वाटेत खाल्ला तर तिथे फिटतो.' तीस वर्षांनी मी विमानाचे ब्लॉक टाइम पाहिले आणि हसायलाच आलं. ठरलेल्या वेळेपासून पंधरा मिनिटांच्या आत असेल ते वेळेवर, असा हिशेब असतो. मग कंपनी काय करते? छापील वेळच थोडा सैल ठेवते. एखाद्या दिवशी वैमानिक 'आपण पंधरा मिनिटं लवकर पोहोचतोय' असं अभिमानाने सांगतो, प्रवासी खूश होतात. तो लवकर पोहोचलेला नसतो, त्याला त्या दिवशी रांग लागली नाही एवढंच.

ह्याच्या उलट दिवसाचीही गोष्ट सांगतो. जुलैची संध्याकाळ होती. एका छोट्या गावाहून मुंबईकडे निघालेलं आमचं विमान माझ्या स्क्रीनवर होतं, अंतर साडेतीनशेच्या आसपास, जळगावइतकंच. मुंबईवर पाऊस असा की धावपट्टी दिसत नव्हती, उतरणं थांबलेलं. कंट्रोलने आमच्या विमानाला घिरट्या घालायला लावल्या. घिरटीचा आकार शर्यतीच्या घोडमैदानासारखा, दोन सरळ बाजू आणि दोन अर्धवर्तुळं. प्रवासी विमान साधारण सेकंदाला तीन अंशांनी वळतं, म्हणजे अर्धं वळण बरोबर एका मिनिटात. सरळ बाजूही एकेक मिनिटाची. एक फेरा चार मिनिटांचा. मी कागदावर रेघोट्या मारत होतो. पहिला फेरा, दुसरा, तिसरा. कॅप्टनने कळवलं की अजून वीस मिनिटं थांबता येईल, त्यानंतर दुसऱ्या विमानतळाचा रस्ता. वीस मिनिटं म्हणजे पाच फेरे. ही वीस मिनिटं म्हणजे टाकी रिकामी होईपर्यंतची नव्हेत बरं का. पर्यायी विमानतळापर्यंतचं इंधन आणि त्यावर अर्ध्या तासाचं राखीव इंधन बाजूला ठेवून जे उरलं, ते. चौथी रेघ मारली. पाचवा फेरा सुरू झाला, टिंब पहिल्या वळणाला लागलं, आणि तिथूनच फेरा सोडून दक्षिणेला सरकलं. उतरायला परवानगी मिळाली होती. माझा चहा तोवर गार झाला होता आणि त्यावर साय धरली होती.

दुसऱ्या दिवशी त्या विमानातल्या एका गृहस्थांची तक्रार आली: साडेतीनशे किलोमीटरला दोन तास लागतात, तुमच्यापेक्षा एसटी बरी. मी त्यांना उत्तर लिहिलं तेव्हा फेऱ्यांचा हा हिशेबच मांडून पाठवला. त्यांचं परत पत्र आलं नाही.

एक गणित ह्यातून तुम्ही स्वतःच काढाल. गळतीची मिनिटं अंतरावर फारशी अवलंबून नसतात. रांगणं, चढणं, उतरणं, रांगेत थांबणं, हे ३५५ किलोमीटरला जेवढं तेवढंच ३,५५० ला. छोट्या प्रवासात तेच निम्मा वेळ खातात. ऐंशी पैशांच्या वस्तूला साठ पैशांचं टपाल, तसं. म्हणून मी नातेवाइकांना एक ठोकताळा सांगतो: एटीआर असेल तर किलोमीटरला ५०० ने भागा आणि ३५ मिनिटं मिळवा, एअरबस-बोइंग असेल तर ८०० ने भागा आणि ४० मिनिटं मिळवा. जळगाव–मुंबई ४३ अधिक ३५, अठ्ठ्याहत्तर मिनिटं. तुमच्या तिकिटाशी ताडून बघा. हैदराबाद एक तास छत्तीस मिनिटं, मोपा पावणेदोन तासांना दोन-तीन मिनिटं जास्त. दिल्ली–मुंबई हवाई अंतर ११४० किलोमीटर. ८०० ने भागून एक तास पंचवीस मिनिटं, वर चाळीस, दोन तास पाच मिनिटं. छापील वेळ ह्याच्या थोडा वरच असतो, तो खिशातला.

वाऱ्याबद्दल तुम्ही काही विचारलं नाही, पण विचारायला हवं होतं. विमान हवेत पोहतं, आणि हवा स्वतः वाहत असते. तापीला पूर असताना वरच्या अंगाला पोहून बघा. काही जणांना वाटतं, जाताना वारा समोरून आला तर येताना पाठीशी येणार, फिट्टंफाट. तसं होत नाही. ६०० किलोमीटर अंतर, विमानाचा वेग ताशी ५००, वारा ताशी १०० घ्या. समोरून वारा असताना ताशी ४०० ने दीड तास. पाठीशी असताना ताशी ६०० ने एक तास. दोन्ही मिळून १५० मिनिटं. वारा नसता तर १४४ लागली असती. समोरच्या वाऱ्यात विमान जास्त वेळ अडकतं, म्हणून तोटाच होतो. हिवाळ्यात उत्तर भारतावर, विमानं उडतात त्याच उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेला झंझावाती पट्टा वाहतो, त्याला जेट प्रवाह म्हणतात. त्याचा वेग ताशी दोनशे किलोमीटरच्या वर जातो. जानेवारीत दिल्लीहून कोलकात्याला जाणारा सुखात असतो आणि येणारा घड्याळ बघत बसतो. एटीआर त्याच्या बरंच खालून उडतं, त्यामुळे जळगावच्या विमानाला त्याचा त्रास कमी.

वाऱ्यापुढे अंतर कसं फिकं पडतं ह्याचं माझं आवडतं उदाहरण २०१६ चं आहे. एअर इंडियाचं दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान आधी अटलांटिकवरून जायचं, साधारण १३,९०० किलोमीटर. त्या ऑक्टोबरात त्यांनी ते उलट्या बाजूने, पॅसिफिकवरून नेलं. अंतर १५,३०० किलोमीटर, चौदाशे किलोमीटर जास्त. लागले साडेचौदा तास, म्हणजे आधीपेक्षा सुमारे दोन तास कमी, कारण सगळा रस्ता वारा पाठीशी. आमच्या धंद्यात म्हणून किलोमीटर कुणी विचारत नाही, मिनिटं आणि किलो विचारतात. किलो इंधनाचे.

आणखी एक आपल्या खान्देशाची खास गोष्ट म्हणजे ऊन. मे महिन्यात जळगावचा पारा ४४-४५ ला टेकतो हे तुम्हाला मी काय सांगावं. तापलेली हवा विरळ होते. विरळ हवेत पंखांना उचल कमी मिळते, इंजिनाचाही दम कमी होतो. जळगाव विमानतळ समुद्रसपाटीपासून साधारण ८४० फूट. पण ४४ अंशाला तिथली हवा विमानाला साडेचार हजार फुटांवरच्या हवेसारखी वाटते. म्हणजे कुसुंब्याच्या सपाट माळावर उभं असलेलं विमान स्वतःला तोरणमाळच्याही वर समजत असतं! धावपट्टी लांबीने बेताची, त्यामुळे अशा दुपारी कधी वजन कमी करावं लागतं. कुणाची बॅग मागे राहते, कधी काही आसनं रिकामी ठेवतात. एकदा माझ्याच मेव्हण्याची भरताच्या वांग्यांची पेटी अशी मागे राहिली आणि पुढचे आठ दिवस मी सासुरवाडीला बोलणी खाल्ली. कागदावर वजन कमी करणारा मी नव्हतो, पण धंदा एकच ना.

आता फ्रँकफर्ट.

मुंबई–फ्रँकफर्ट ६,५७० किलोमीटर. इतक्या लांबच्या अंतराला वर सांगितलेला त्रिकोण चालत नाही, गोलावा पूर्ण धरावा लागतो. शाळेतला पृथ्वीगोल घ्या आणि दोन गावांमध्ये दोरा ताणून धरा. तो दोरा म्हणजे सगळ्यात जवळचा रस्ता. भिंतीवरच्या नकाशावर तोच दोरा वाकडा दिसतो. मुंबई–न्यूयॉर्कचा दोरा तर ६५ अक्षांशाजवळ, स्कँडिनेव्हियाच्या अंगाने जातो. दोन्ही शहरं त्याच्या बरीच खाली असूनही. मुलीने विमानात समोरच्या पडद्यावर रेघ वाकलेली पाहिली तर घाबरू नये म्हणून सांगितलं.

ठोकताळ्याने ६,५७० ला आठ तास त्रेपन्न मिनिटं येतात. नऊ तास धरा. ह्यात एक पाचर आहे. दोरा सौराष्ट्र-कच्छवरून पाकिस्तानात शिरतो. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय कंपन्यांच्या विमानांना आपली हद्द बंद केली, तेव्हापासून त्यांना वळसा पडू लागला. परदेशी कंपन्यांना ती बंदी नव्हती. म्हणून दोन कंपन्यांच्या तिकिटांवर एकाच मार्गाचा वेगळा वेळ दिसला तर छापखान्याची चूक समजू नका.

तिकिटावरचे दोन्ही वेळ त्या त्या गावच्या घड्याळाचे असतात, हे तुम्हाला ठाऊक असेलच. तरी सांगतो, कारण यावलच्या एका आप्पांनी मला एकदा गंभीरपणे विचारलं होतं की दुबईचं विमान साडेचारला सुटून सहा-दहाला पोहोचतं, म्हणजे पावणेदोन तासांपेक्षा कमी, आणि येताना दहाला सुटून अडीचला, म्हणजे साडेचार तास. येतानाचा वैमानिक नवशिका असतो का? दुबईचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे. जाताना एक तास चाळीसमध्ये दीड तास मिळवा, तीन तास दहा. येताना साडेचारातून दीड वजा करा, तीन तास. जर्मनी आपल्यापेक्षा हिवाळ्यात साडेचार तास मागे आणि उन्हाळ्यात साडेतीन. रात्री दोनला निघालेली मुलगी हिवाळ्यात तिथल्या साडेसहाला पोहोचेल, तेव्हा आपल्याकडे अकरा वाजलेले असतील. तिचा फोन सकाळी आला नाही म्हणून तळमळू नका.

आता जळगावहून त्याच संध्याकाळी निघायचं की नाही.

घरापासून मोजू. चोपड्याहून तापी ओलांडून जळगाव, तिथून संभाजीनगर रस्त्याने कुसुंब्याचं विमानतळ, सव्वा-दीड तास. विमानाआधी सव्वा तास, कारण काउंटर साधारण तासभर आधी बंद होतं. विमान एक तास वीस. उतरून बॅग हातात येईपर्यंत अर्धा तास. साडेचार तास झाले, आणि त्यात हवेतले पंचावन्नच मिनिटं! रेल्वेने जळगाव ते मुंबई ४२० किलोमीटर, गाडीप्रमाणे सहा-सात तास. चोपड्याहून जळगाव स्टेशन आणि दादरहून सहारचं विमानतळ धरलं तर नऊ-साडेनऊ तास. सगळं सुरळीत असेल तर विमान निम्म्या वेळात पोहोचवतं, ह्यात वाद नाही.

सुरळीत नसेल तर? छोट्या गावाच्या मार्गावर एकच विमान दिवसभर चार गावं फिरत असतं. सकाळी कुठेतरी अर्धा तास गेला की तो संध्याकाळपर्यंत वाढत जातो. आणि विमान रद्द झालं तर पुढचं त्या दिवशी नसतं. कधी दुसऱ्या दिवशीही नसतं. माझ्या पुतण्याचं असंच झालं. तांत्रिक कारणाने संध्याकाळचं विमान आधी दीड तास लांबलं, मग रद्द. पुढचं परदेशचं तिकीट वेगळ्या कंपनीचं, वेगळं काढलेलं. पहिलीने तिच्या तिकिटाचे पैसे परत केले, दुसरी म्हणाली तुम्ही आलाच नाहीत. ते मोठं तिकीट पूर्ण बुडालं. मी ह्या धंद्यात आयुष्य काढलं, आणि त्याने तिकीट काढताना मला विचारलंही नव्हतं, ह्याचाच राग मला जास्त आला.

माझं मत असं. दोन्ही प्रवास एकाच तिकिटावर, एकाच पीएनआरवर असतील, तर पहिलं विमान चुकल्यावर पुढची सोय लावणं कंपनीच्या गळ्यात पडतं. मग खुशाल संध्याकाळचं विमान घ्या, मध्ये चार तास असले तरी पुरे. तिकिटं वेगवेगळी असतील तर त्याच दिवशीच्या छोट्या विमानावर अवलंबून राहू नका. दुपारी मुंबईत पोहोचेल अशी गाडी धरा, किंवा आदल्या दिवशीचं विमान घेऊन रात्र नातेवाइकांकडे काढा. जून ते सप्टेंबर असेल तर आदला दिवसच. गाडीही लेट होते हे खरं, पण एक गाडी चुकली तर भुसावळहून मागे दुसरी येत असते.

नंदुरबारकडच्या मंडळींना हा सगळा खटाटोप नको असेल तर सुरत जवळ पडतं, धुळ्याला नाशिकचं ओझर किंवा शिर्डी. रावेर-बऱ्हाणपूरकडचे बरेच जण इंदूरला जातात. चोपड्याला मात्र जळगावच.

आणखी एक बघून ठेवा. आता मुंबईला विमानतळ दोन. नवी मुंबईच्या विमानतळाचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला झालं. जुन्याचा कोड बीओएम, नव्याचा एनएमआय. तिकिटावर नुसतं 'मुंबई' वाचून पुढे जाऊ नका, ती तीन अक्षरं बघा. एकीकडे उतरून दुसरीकडचं विमान धरायचं झालं तर रस्त्याचा तास-दीड तास वेगळा, आणि तो कुणाच्याच तिकिटावर छापलेला नसतो. गोव्यालाही तसंच, दाबोळी आणि मोपा.

तुम्ही मुलीच्या दोन्ही तिकिटांचा पहिला कागद मला पाठवा. पीएनआर एक आहे की दोन, आणि ती तीन अक्षरं कोणती, एवढं पाहिलं की संध्याकाळच्या विमानाचं लगेच सांगतो.